नाममुद्रा नसलेले

गाणे कोणाचे, असा प्रश्न आपल्या घरांत निघाला म्हणजे उत्तरे ठरलेली असतात. आई म्हणते लताबाईंचे, वडील म्हणतात सी. रामचंद्रांचे, आणि आजोबा चित्रपटाच्या नायकाचे नाव घेऊन मोकळे होतात. तिन्ही उत्तरे खरी आणि तिन्ही अपुरी. कडव्याच्या आधी जो ट्रंपेट क्षणभर झळकून जातो तो कोणी फुंकला, हे विचारायचे कोणाच्या मनातही येत नाही. लग्नात जेवण उत्तम झाले की आपण यजमानाची तारीफ करतो. आचाऱ्याचे नाव कोण विचारतो? त्यातलेच हे.

हा विचार सुचायला माझा एक विद्यार्थी कारण झाला. गंगाखेडहून रेल्वेने रोज परभणीला कॉलेजात येणारा हा मुलगा वाटेत ‘डेथ मेटल’ नावाचे संगीत ऐकतो. वाचकहो, नावाला भिऊ नका. प्रत्यक्ष ऐकलेत तर मात्र थोडे भ्याल. गिटारीच्या तारा खालच्या सुरात उतरवलेल्या, ड्रमचा वेग पत्र्यावर कोसळणाऱ्या गारांसारखा, आणि गाणे म्हणजे घशातून काढलेली गुरगुर! मी म्हटले, “अरे, यात संगीत कोठे आहे?”

“सर, एवढे एक ऐका,” म्हणून त्याने मला अमेरिकेतल्या मायामी शहरच्या ‘सिनिक’ या चमूची १९९३ सालची ‘फोकस’ ही तबकडी ऐकवली. गुरगुर होतीच, पण तिच्याशेजारी यंत्रातून गाळून आलेला एक हळुवार आवाज होता. मध्येच दंगा थांबे आणि जॅझमधले अधांतरी स्वरमेळ तरंगू लागत. मात्रा मोजाव्यात तो ताल बदललेला असे. गोंगाट करायलासुद्धा रियाझ लागतो, हे मला त्या दिवशी मान्य करावे लागले. वाजवणारी पोरे सारी विशीतली. त्यांच्या पंथातल्या पुष्कळ श्रोत्यांना हा संकर रुचला नाही आणि १९९४ साली चमू मोडला. पुढे तीच तबकडी नमुना म्हणून गाजली आणि २००६ साली चमू पुन्हा उभा राहिला.

पण मला नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. गिटारवर पॉल मासविडाल आणि जेसन गोबेल, बासवर शॉन मलोन, ड्रमवर शॉन राइनर्ट, ही नावे त्या मुलाने पाढे म्हणावेत तशी म्हणून दाखवली. मलोन आणि राइनर्ट दोघेही २०२० साली वारले, हेही त्याला ठाऊक, आणि सांगताना त्याचा आवाज घरचे कोणी गेल्यासारखा खाली आला.

मी विचारले, “बरे, ‘अलबेला’तला ट्रंपेट कोणाचा?” तो गप्प. त्याचा काय दोष? त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

‘अलबेला’ १९५१ सालचा. संगीत पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचे, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांचे. त्यांच्या हाताशी होता हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवून त्याने ‘चिक चॉकलेट’ हे नाव मिळवले होते. या चित्रपटात तो आपल्या चमूसह पडद्यावरही दिसतो. १९६७ साली तो वारला.

असे गोवेकर मुंबईच्या स्टुडिओंत पुष्कळ होते. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलेखन शिकवीत. संगीतकार पेटीवर चाल सांगे; ती पन्नास वाद्यांत वाटून कागदावर उतरवायची, कोठे व्हायोलिन आणि कोठे सॅक्सोफोन हे ठरवायचे, हे काम सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड यांच्यासारखे लोक करीत. वादकांची नावे मात्र बहुतेक चित्रपटांच्या नामावलीत येत नसत.

त्यांतलेच एक माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. हे नाव ऐकून तुम्ही हसला असाल, कारण १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’मुळे ते घराघरांत पोचले. पण ते कोणा गीतकाराच्या कल्पनेतून आलेले नाही. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतल्या प्यारेलालना व्हायोलिन शिकवणाऱ्या गुरूचे ते नाव. गोन्साल्विसांनी १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात मोठा वाद्यवृंद उभा करून आपले राग पाश्चात्त्य सिंफनीच्या घाटात बसवण्याचा प्रयोग केला. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. १९६५ साली ते अमेरिकेला गेले, पुढे परतून गावी निवांत राहिले आणि २०१२ साली वारले. नाव साऱ्या देशाच्या ओठांवर आणि माणूस कोणालाच ठाऊक नाही, अशी ही कीर्ती!

आणि फ्लॉरिडातल्या पोरांच्या पंचवीस वर्षे आधी, १९६८ साली, शंकर-जयकिशन यांची ‘रागा जॅझ स्टाइल’ निघाली होती. तोडी, मालकंस, भैरवी हे राग आणि त्यांवर रईस खानांची सतार, मनोहारी सिंगांचा सॅक्सोफोन, लुसिला पाशेको यांचा पियानो, लेस्ली गोदिन्हो यांचे ड्रम. दोन घराण्यांचा संसार एका छपराखाली लावायचा, तर दोन्हींकडच्या रीती पाठ असलेली माणसे लागतात. ती आपल्याकडे होती.

माझा विषय मराठी, म्हणून मला येथे गंगाखेडच्याच जनाबाई आठवतात. दुसऱ्याच्या घरी दळणकांडण करणारी ती दासी. पण अभंगाच्या अखेरीस तिने आपले नाव गुंफले आणि ते शतकानुशतके टिकले. संतांनी नाममुद्रेची ही सोय करून ठेवली, म्हणून आपण त्यांना ओळखतो. व्हायोलिनच्या ओळीत नाव गुंफायला जागा नसते. तेथे ते दुसऱ्या कोणीतरी सांगावे लागते.

तेव्हा या दिवाळीत अभ्यंगस्नान उरकून, चकलीची परात पुढे घेऊन जुनी गाणी लावाल, तेव्हा गायिकेचे आणि संगीतकाराचे नाव सांगून झाल्यावर मुलांना आणखी एक नाव सांगा. ती विचारतील, “हा कोण?” तेवढे विचारले तरी पुष्कळ झाले.