शहाणपण कोणाच्या कामी आले?

पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांत सखाराम बापू बोकील पूर्ण शहाणे आणि नाना फडणीस अर्धे, असे आपण मुलांना कौतुकाने सांगत आलो. वर्गात मीही हे अनेक वर्षे असेच शिकवले. आज मला त्या हिशोबावरच आक्षेप घ्यायचा आहे.

बापूंची वाटचाल पाहा. १७६२ मध्ये आळेगावला काका-पुतणे लढले, तेव्हा ते राघोबादादांच्या बाजूला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. त्यानंतरही काही महिने दादांच्याच कारभारात. १७७४ मध्ये ते बारभाईंत आले. दादांनी १७७५ मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह केला. त्याला उत्तर म्हणून १७७६ चा पुरंदरचा तह नाना आणि बापूंनी केला. आणि १७७८ मध्ये मोरोबा फडणिसांच्या कारस्थानात, दादांना पुण्यास आणा म्हणून मुंबईकर इंग्रजांना बोलावणे गेले, त्यात पुन्हा बापू! जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांनी हात टेकले. त्याच वर्षी बापू कैदेत पडले आणि १७८१ मध्ये रायगडावर वारले.

‘काळच तसा होता’ अशी त्यांची वकिली केली जाते. पण रामशास्त्री प्रभुणेही त्याच काळातले ना? इंग्लंडात वॉरिकच्या अर्लने १४६१ मध्ये एका राजाला गादीवर बसवले, १४७० मध्ये त्यालाच घालवले आणि १४७१ मध्ये बार्नेटच्या रणात तो मेला. ‘राजे घडवणारा’ म्हणून त्याचेही गोडवे गातात. घडले काय, तर आणखी रक्तपात.

१७७४ मध्ये बापूंनी दादांना सोडले, हा दोष नव्हे. ते कर्तव्यच होते. दोष पुढचा. ज्यांच्याशी तह केला, त्यांनाच चोरून आमंत्रण!

सिल्वासाच्या वाचकाला हे दूरचे वाटू नये. इंग्रजांशी युद्ध चालू असताना पोर्तुगीजांना राजी राखणे पुणे दरबाराला भाग होते. १७ डिसेंबर १७७९ रोजी त्यांच्याशी मैत्रीचा तह झाला. ‘सांताना’ जहाजाच्या नुकसानभरपाईपोटी १७८३ मध्ये नगरहवेली त्यांच्याकडे गेली, १७८५ मध्ये दादराही. एकूण बहात्तर गावे! सिल्वासा मुक्त व्हायला २ ऑगस्ट १९५४ उजाडावा लागला. बापूंनी ही गावे दिली असे मी म्हणत नाही; तेव्हा ते कैदेत होते. पण घरच्या भांडणात परक्याला बोलावले, की दुसऱ्या परक्याचीही मनधरणी करावी लागते.

आपल्या घरात मराठी, बाजारात गुजराती. त्यावरून ‘तुम्ही नक्की कोणाचे?’ असे विचारणारे भेटतात. त्यांना सांगावे, दोन भाषा बोलणे म्हणजे बापूंची वाट धरणे नव्हे. एकाला एक शब्द आणि दुसऱ्याला दुसरा देणे, ही ती वाट. यंदा मी मुलांकडून शहाण्यांची यादी पाठ करून घेणार नाही. कोणी कोणाला काय शब्द दिला होता, तेवढेच विचारणार आहे.