रँकिंग पडतं हे खरं, पडतंच हे खोटं

बोल्ट, फिटिंग, कटिंग टूल ऑनलाइन विकणारा सातपूरचा लघुउद्योजक दुकानाचं सॉफ्टवेअर बदलायला निघाला की त्याला हमखास ऐकवलं जातं, ‘साइट हलवली की गूगलवरचं रँकिंग पडतंच. दोन-चार महिने कळ काढा, आपोआप परत येईल.’ सांगणारा बहुधा तोच असतो, ज्याला हलवण्याचे पैसे मिळणार असतात. या विधानाचा पूर्वार्धही मला मान्य नाही आणि उत्तरार्धही.

रँकिंग पडतं कशामुळे, ते आधी पाहू. गूगल दुकानाला एकगठ्ठा क्रमांक देत नाही; प्रत्येक पानाला देतं, आणि पान ओळखलं जातं त्याच्या पत्त्यावरून. वूकॉमर्सवर वस्तूच्या पत्त्यात मुळात ‘प्रॉडक्ट’ हा शब्द येतो, शॉपिफायवर ‘प्रॉडक्ट्स’, आणि तो काढताही येत नाही. फरक शेवटच्या एका अक्षराचा, पण तेवढ्यानं एम१२ बोल्टचा जुना पत्ता मृत होतो. पुण्याच्या एखाद्या खरेदी अधिकाऱ्यानं जपून ठेवलेली लिंक, दुसऱ्या साइटनं दिलेला दुवा, सगळं ‘पान सापडत नाही’वर जाऊन आदळतं. यात दैव कुठे आलं? जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर ३०१ क्रमांकाचा कायमस्वरूपी रीडायरेक्ट लावला नाही, एवढंच घडलेलं असतं. अशा रीडायरेक्टमुळे पेजरँक, म्हणजे दुव्यांवरून ठरणारं पानाचं वजन, घटत नाही, हे गूगलनं जाहीरपणे सांगितलेलं आहे. घाईत ३०२ लावला, तर मात्र ‘हा बदल तात्पुरता आहे’ असा उलटा संकेत जातो.

‘सगळे जुने पत्ते मुखपृष्ठाकडे वळवले की झालं,’ हा दुसरा युक्तिवाद. तो पहिल्याहून घातक, कारण काम केल्यासारखं दिसतं. बोल्ट शोधणाऱ्याला मुखपृष्ठ दाखवणं म्हणजे त्याला उत्तर न देणं. गूगलही अशा वळवणीला बहुधा हरवलेलं पानच समजतं. तिसरा युक्तिवाद जाहिरातीचा. जाहिरात जरूर द्यावी. पण तिथे प्रत्येक क्लिकचे पैसे मोजावे लागतात, आणि वर्षानुवर्षं नेमकी माहिती लिहून जे ग्राहक फुकट येत होते, तेच आता विकत आणायचे, याला भरपाई म्हणवत नाही.

‘मग हलवूच नका’ म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही. मॅजेंटो १ या दुकानाच्या सॉफ्टवेअरचा अधिकृत आधार जून २०२० मध्ये संपला. पैशाचे व्यवहार होणारं दुकान सुरक्षा-दुरुस्तीविना चालवणं ही सावधगिरी नव्हे. ‘रँकिंग पडतंच’ म्हणणाऱ्यांचं एक म्हणणं मात्र खरं आहे: सगळं नीट केलं तरी काही आठवडे क्रमांक वरखाली होतात, कारण गूगलला प्रत्येक पान पुन्हा वाचावं लागतं. त्या हेलकाव्याच्या आड कायमचं नुकसान लपवलं जातं, आक्षेप त्याला आहे.

सातपूरच्या शॉपमध्ये ड्रॉइंगशिवाय जॉब मशीनवर चढत नाही आणि पहिला पीस मोजून पास झाल्याशिवाय लॉट निघत नाही. मग साइटचं काम नुसत्या तोंडी भरवशावर का घ्यायचं? इथलं ड्रॉइंग म्हणजे जुन्या-नव्या पत्त्यांची यादी, ओळीस ओळ. ती सर्च कन्सोल, साइटमॅप आणि सर्व्हरच्या नोंदी पाहून करावी. नुसत्या चालू मालाच्या यादीवरून केली तर बंद मालाची, पण अजून ग्राहक आणणारी पानं सुटतात. रीडायरेक्ट थेट असावा, एकातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात नको. चाचणीच्या साइटवर लावलेली, ‘हे पान शोधात दाखवू नका’ असं गूगलला सांगणारी ‘नोइंडेक्स’ खूण सुरू करण्याच्या दिवशी काढलीच पाहिजे. ती राहिली तर बाकीची सगळी मेहनत पाण्यात. आणि नव्या टेम्प्लेटच्या देखणेपणासाठी ग्रेड, थ्रेड, कोटिंगचा तक्ता छाटू नका. पान वर होतं ते त्या तक्त्यामुळे, कोणताही रीडायरेक्ट त्याची जागा घेणार नाही.

हे सारं पर्चेस ऑर्डरमध्ये लिहा. यादीतला प्रत्येक जुना पत्ता योग्य नव्या पानावर उघडतो, हे तपासून झाल्यावरच शेवटचा हप्ता द्या. रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवावेत, असं गूगल सांगतं. शक्य तर काढूच नका. आणि डोमेनही बदललं असेल, तर जुन्याचं नूतनीकरण चुकवू नका, कारण ते सुटलं की त्यावरचे सगळे रीडायरेक्ट बंद पडतात.