दान की मोबदला?

रक्तदान शिबिराचा फलक आपल्याला नवा नाही. अलीकडे मात्र त्यावर 'प्रत्येक रक्तदात्यास आकर्षक भेट' ही ओळच अधिक ठळक दिसते. आयोजकांचा हेतू शुद्ध असेलही. पण भेटीच्या ओढीने दिलेल्या रक्ताला दान म्हणावे काय?

हा प्रश्न केवळ भावनेचा नाही. ब्रिटिश समाजचिंतक रिचर्ड टिटमस यांनी १९७० साली ब्रिटनमधील विनामूल्य रक्तदानाची अमेरिकेतील विकतच्या रक्ताशी तुलना केली. विकतचे रक्त अधिक धोक्याचे, हा त्यांचा निष्कर्ष. कारण उघड आहे. पैशाची निकड असलेला मनुष्य आपला आजार लपवतो. ज्याला काही मिळवायचेच नाही, त्याला खोटे बोलण्याचे प्रयोजन उरत नाही. आपल्या देशातही सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानुसार १ जानेवारी १९९८ पासून धंदेवाईक रक्तदात्यांकडून रक्त घेणे बंद झाले. चाचण्या आज सुधारल्या आहेत; तरी अगदी ताजा संसर्ग त्यांतूनही निसटू शकतो. तेथे दात्याच्या प्रामाणिक उत्तराला पर्याय नाही.

स्वीडनमधील एका प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. मोबदला देऊ करताच रक्तदानास राजी होणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण घटले; तीच रक्कम सत्कार्यास देण्याची मुभा मिळताच ही घट नाहीशी झाली. आपल्या सद्भावनेचे मोल कोणी पैशात करावे, हे माणसाला रुचत नाही.

भेटवस्तूंनी गर्दी वाढते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु रक्ताची गरज एका दिवसाची नसते. प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात, लाल पेशी पाच-सहा आठवडे. नेत्याच्या वाढदिवशी शेकडो पिशव्या जमतात आणि मे महिन्यात थॅलेसेमियाग्रस्त बालकाचा पिता दारोदार फिरतो!

दात्याला चहा-अल्पोपाहार द्यावा, त्याचा यथोचित सन्मान करावा. कृतज्ञता म्हणजे आमिष नव्हे. पण कार्यकर्त्यांचे खरे काम त्यापुढचे आहे. आपल्या वस्तीतील दात्यांची नोंदवही ठेवावी, पुरुषांना तीन व स्त्रियांना चार महिन्यांनी आठवण करून द्यावी, उन्हाळ्याच्या सुटीत आवर्जून हाक घालावी. भेटवस्तू संपली की गर्दी पांगते. संस्कार मात्र पुन्हा परतून येतो.