कॉलम, स्तंभ आणि सदर : एका प्रतिशब्दाची चिकित्सा

'कॉलम' या इंग्रजी शब्दासाठी 'स्तंभ' हा प्रतिशब्द मराठीत इतका रूढ झाला आहे की त्याच्या योग्यायोग्यतेचा विचार सहसा होत नाही. वृत्तपत्रीय लेखनाच्या चर्चेत 'स्तंभलेखन' येते, प्रश्नपत्रिकेत 'स्तंभ अ' व 'स्तंभ ब' यांच्या जोड्या लावावयाच्या असतात, आणि विद्यार्थ्यांच्या निबंधांत वृत्तपत्रे 'लोकशाहीचा चौथा स्तंभ' ठरतात. तिन्ही ठिकाणी शब्द एक आहे. अर्थ मात्र एक नाही. हा भेद दुर्लक्षिला गेल्याने केवळ भाषिक शैथिल्य येते असे नाही, तर एका वाङ्मयप्रकाराच्या मूल्यमापनालाही बाध येतो.

'कॉलम' हा मूळचा स्थापत्यातील शब्द. लॅटिन 'कोलुम्ना' म्हणजे खांब. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात व्हिट्रुव्हियसने आपल्या वास्तुग्रंथात डोरिक खांबाचे प्रमाण पुरुषदेहावरून, तर आयोनिक खांबाचे प्रमाण स्त्रीदेहावरून घेतल्याचे सांगितले आहे. हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला आणि पंधराव्या शतकातच पानावरील मजकुराच्या उभ्या पट्ट्यालाही लागू झाला. येथे साम्य फक्त आकृतीचे होते. भार पेलण्याची कल्पना गळून पडली होती. पुढे पट्ट्याचे नाव त्यातील मजकुराला आणि कालांतराने ठराविक लेखकाच्या नियमित लेखनाला मिळाले. दुसरीकडे, लांब रांगेने कूच करणाऱ्या सैन्यालाही 'कॉलम' म्हटले जाऊ लागले. 'कर्नल' हा शब्दही याच कुळातला आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

मराठीतील 'स्तंभ' शब्दाचा प्रवास असा झालेला नाही. संस्कृत 'स्तम्भ्' या धातूत स्थिर करणे, रोखून धरणे हा अर्थ आहे. म्हणूनच भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भावांतील पहिला भाव 'स्तंभ' होय, आणि मराठी माणूस आश्चर्याने 'स्तंभित' होतो. कीर्तिस्तंभ, दीपस्तंभ या शब्दांत उंची व गौरव आहे. नित्याच्या व्यवहारात मराठी 'खांब' म्हणते. खानदेशातील धाब्याच्या घराला लाकडी खांब असतात, स्तंभ नव्हे; मात्र चाळीसगावजवळच्या पाटणे येथील किंवा साक्री तालुक्यातील बलसाणे येथील प्राचीन मंदिरांच्या वर्णनात 'स्तंभ' हा शब्द शोभून दिसतो. सारांश, 'स्तंभ' शब्दात स्थैर्य, भार आणि प्रतिष्ठा हे तीन अर्थ घट्ट रुजलेले आहेत. छापील पट्ट्याला तो लावला की हे तिन्ही अर्थ नकळत त्याच्याबरोबर येतात.

यातून उद्भवणाऱ्या घोटाळ्याचे उत्तम उदाहरण 'चौथा स्तंभ' आणि 'पंचमस्तंभी' या शब्दांत सापडते. इंग्रजीतील 'फोर्थ इस्टेट' या संज्ञेत खांब कोठेच नाही. धर्मगुरू, सरदार आणि सामान्यजन या तीन समाजवर्गांखेरीज चौथा वर्ग, असा तिचा आशय आहे. कार्लाइलने १८४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत ती बर्कच्या नावावर सांगितली. मराठीत वर्गाचा खांब झाला आणि विधिमंडळ, कार्यपालिका व न्यायपालिका हे त्याचे सोबती ठरले. 'पंचमस्तंभी' शब्दाची गोष्ट याहून निराळी. १९३६ मध्ये स्पेनच्या यादवीत माद्रिदवर चार फौजा चालून जात असताना शहरातच पाचवी फौज दडलेली आहे, असे जनरल मोला याने म्हटल्याचे सांगतात. या फौजेचाही मराठीत स्तंभच झाला! परिणामी चौथा स्तंभ लोकशाहीला आधार देतो आणि पाचवा तिला आतून पोखरतो, अशी विचित्र संख्यावाचक परंपरा निर्माण झाली. वस्तुतः दोहोंचा परस्परांशी काहीही संबंध नाही. भाषांतर शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हे सांगितले गेले पाहिजे.

मराठीला या क्षेत्रात शब्दांची वाण होती असेही नाही. ६ जानेवारी १८३२ रोजी निघालेल्या 'दर्पण'च्या पानावर एका रकान्यात मराठी व शेजारच्या रकान्यात इंग्रजी मजकूर असे. 'रकाना' हा शब्द आजही कचेरीतल्या प्रत्येक अर्जावर टिकून आहे. नियमित लेखनासाठी 'सदर' आहे. अरबी 'सद्र' म्हणजे छाती, पुढचा भाग, मानाची जागा. त्यावरून वाड्यातील कामकाजाची, आल्यागेल्याच्या बैठकीची जागा ती 'सदर' झाली. 'या सदराखाली' असे म्हणताना मात्र बाब किंवा शीर्ष हा अर्थ येतो आणि शब्द नपुंसकलिंगी होतो. वृत्तपत्रातील 'ते सदर' या दुसऱ्या अर्थाला जवळचे आहे. दोहोंचे मूळ एकच असल्याने वाड्यातल्या सदरेची छाया त्यावर पडत असेल, तर ती अनाठायी म्हणता येणार नाही. सदरेवर लोक येतात, बोलतात, ऐकतात.

वाङ्मयीन मूल्यमापनाचा प्रश्न येथेच उपस्थित होतो. 'स्तंभ' म्हटले की भारदस्तपणाची अपेक्षा ठेवली जाते, आणि खेळकर, प्रासंगिक, संवादी गद्य आपोआप दुय्यम ठरते. जयवंत दळवी यांनी 'ठणठणपाळ' या टोपणनावाने 'ललित' मासिकात चालविलेल्या 'घटका गेली पळे गेली' या सदराचे सामर्थ्य साहित्यव्यवहारातल्या मोठेपणाची टोपी उडविण्यात होते. अशा लेखनाला स्तंभ म्हणणे म्हणजे विनोदाला चौथऱ्यावर उभे करणे होय.

एका इंग्रजी संज्ञेस एकच मराठी पर्याय असावा, असा परिभाषाकारांचा आग्रह असतो आणि शास्त्रीय विषयांत तो योग्यही आहे. परंतु 'कॉलम' ही मुळात एक संकल्पना नाही. छापील पट्ट्यासाठी रकाना, नियमित लेखनासाठी सदर, वास्तूसाठी खांब किंवा स्तंभ, ही विभागणी स्वाभाविक व पुरेशी आहे. 'पंचमस्तंभी' आता रुळला आहे, तो राहील. त्याचा इतिहास मात्र शिकविला जावा.

शब्दाच्या पोटात समाजाचा इतिहास असतो, ही दृष्टी मराठीला देणाऱ्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात देह ठेवला. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्याच शहरात आहे. खानदेशातील मराठीच्या अभ्यासकांनी प्रतिशब्द स्वीकारण्यापूर्वी त्याचे कूळ पाहावे, ही अपेक्षा म्हणूनच अवाजवी ठरू नये.