वहिनींचा थायरॉईड रिपोर्ट

आमच्या वहिनी बैलहोंगलच्या. नंदगडात येऊन पंचवीस वर्षं झाली, मराठी आमच्यासारखंच बोलतात. पण काळजी वाटली की कन्नडच तोंडात येतं. गेल्या महिन्यात रक्ततपासणीचा कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "भाऊजी, इदेनु? सगळ्या आकड्यांपुढे खुणा आहेत."

मी कॉलेजात मराठी शिकवतो, वैद्यकी नाही. तरी घरात असे कागद माझ्याकडेच येतात. दोन वर्षांपूर्वी वहिनींचा टीएसएच १८ होता. गोळी सुरू झाली आणि तो ३ वर आला. 'नॉर्मल' वाचून त्यांनी कुणाला न सांगता गोळी बंद केली. आता टीएसएच २६. थकवा, केस गळणं, बद्धकोष्ठ हे सगळं परत आलं होतं आणि आम्ही म्हणत होतो, वय झालं! चूक एकट्या वहिनींची नव्हती. कागद कसा वाचावा हे आम्हालाही ठाऊक नव्हतं. डॉक्टरांकडून समजून घेतलं, ते वाचकांसाठी लिहितो.

भातलावणीत मजूर रेंगाळले की मुकादमाचा आवाज चढतो. टीएसएच म्हणजे हा मुकादमाचा आवाज. तो थायरॉईडमधून नव्हे, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून येतो. थायरॉईड मंदावलं की टीएसएच वाढतो, जास्त काम करू लागलं की उतरतो. मोठ्या माणसांत साधारण ०.४ ते ४ ही मर्यादा धरतात. प्रयोगशाळेनुसार थोडा फरक पडतो. फ्री टी-४ म्हणजे प्रत्यक्ष झालेलं काम. टीएसएच वाढलेला पण टी-४ ठीक असेल, तर बहुधा काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात. टीएसएच १० च्या वर राहिला, किंवा टी-४ उतरला, तर सहसा गोळी देतात.

तिसरी ओळ अँटी-टीपीओची. ती कारण सांगते. शरीराची राखण करणारी यंत्रणा आपल्याच ग्रंथीला परकी समजते. १९१२ साली हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी चार स्त्रियांमधील या आजाराचं वर्णन केलं. आजाराला त्यांचंच नाव पडलं. मिठात आयोडीन आलं ते गलगंडासाठी, कन्नडमध्ये गळगंड. पण वहिनींचा आजार जास्त आयोडीन खाऊन बरा होत नाही, उलट बिघडू शकतो. अँटी-टीपीओ ६०० की ९०० यावरून आजाराची तीव्रता ठरत नाही. तो आकडा पुन्हा पुन्हा तपासायची गरज नसते. तो वाढलेला पण टीएसएच ठीक असेल, तर सहसा गोळी लागत नाही, वर्षातून एकदा टीएसएच पाहावा.

हे दुखणं दुर्मीळ नाही. मुंबई, गोवा, बंगळूरसह आठ शहरांतल्या पाहणीचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे ११ टक्के प्रौढांचं थायरॉईड मंद आढळलं.

आता गोळीचं. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे. ग्रंथी बरी झाली असा त्याचा अर्थ नाही. गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी; चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासानंतर. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर हवं. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पाहतात, त्याआधीचा आकडा फसवा असतो. केसांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्यांनी रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, म्हणून त्या घेत असाल तर आधी डॉक्टरांना सांगा.

हा आजार घराण्यात चालतो, म्हणून पुतणीचंही रक्त तपासलं. तिचाही टीएसएच वाढलेला निघाला. तिचं नुकतंच लग्न झालंय. दिवस गेल्यावर पहिले काही महिने बाळाची वाढ आईच्या थायरॉईडवर अवलंबून असते, म्हणून डॉक्टरांनी तिची गोळी आताच सुरू केली. दिवस राहिल्याचं कळताच लगेच दाखवायला या, मात्रा वाढवावी लागते, असंही बजावलं.

परवा सकाळी वहिनींनी चहा चुलीवरून उतरवून बाजूला ठेवला. मी कपाकडे पाहिलं तर म्हणाल्या, "तडीरी भाऊजी, अर्धा तास व्हायचाय."