अभ्यासिकेत पोरांना बोलू द्या!

परवा बाजारच्या दिवशी एक जुना स्नेही भेटला. कोरडवाहू शेती, दोन म्हशी. मुलगी नर्सिंग शिकली, तिला ब्रिटनला जायचे आहे. त्यासाठी तिने आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा दिली. या परीक्षेच्या वाटेने तिकडे परिचारिका म्हणून नोंदणी करायची तर बोलण्यात ९ पैकी ७ गुण लागतात. पोरीला पडले साडेपाच. "सोयाबीनची सगळी पट्टी क्लासवाल्याला दिली, भाऊ. पन्नास उत्तरं तोंडपाठ केली होती तिनं," असे सांगताना गड्याचा आवाज बसला.

मला विचाराल तर घात त्या पन्नास उत्तरांनीच केला.

ही परीक्षा असते कशी, ते आधी समजून घ्या. परीक्षक समोर बसून ११ ते १४ मिनिटे बोलतो. पहिली चार-पाच मिनिटे घर, गाव, काम, शिक्षण. मग हातात एक कार्ड देतो. ओळखीचा एखादा माणूस, एखादी जागा, लक्षात राहिलेला प्रसंग, असा त्यावर विषय. विचाराला १ मिनिट, टिपणाला कागद-पेन्सिल, आणि मग एक ते दोन मिनिटे एकट्याने बोलायचे. शेवटी त्याच विषयाला धरून जरा खोलातले प्रश्न. ओघ, शब्द, व्याकरण आणि उच्चार या चारही गोष्टींना सारखेच महत्त्व. उच्चार म्हणजे गोऱ्या साहेबाचा हेल नव्हे. ऐकणाऱ्याला विनासायास कळले की झाले. तुमचे मत बरोबर की चूक, याला गुणच नाहीत. पाठांतर मात्र परीक्षकाच्या लगेच ध्यानात येते. तो एक आडवा प्रश्न टाकतो आणि गाडी रुतते.

म्हणून सांगायचे ते आपलेच सांगावे. म्हशीची धार, बाजार समितीतला लिलाव, पाऊस लांबला ते साल. 'तरुण मुले गाव सोडून शहरात का जातात?' असा प्रश्न आला, तर आपल्या पोरांइतके सांगण्यासारखे आणखी कोणाकडे आहे? फक्त मराठी वाक्य उचलून इंग्रजीत ठेवू नये. 'मी रोज धार काढत असते' हे डोक्यात धरून आपली मुले 'आय ॲम मिल्किंग एव्हरी डे' म्हणतात. तिथे 'आय मिल्क' एवढेच पुरे.

पण हा सराव करायचा कुठे? बारावीला इंग्रजीचे १०० पैकी २० गुण तोंडी परीक्षेला असतात. ते बऱ्याच ठिकाणी कसे पडतात, हे तुम्हीही जाणता आणि मीही. तोंड न उघडता! आता गावोगावी ग्रामपंचायतीने अभ्यासिका काढल्या आहेत, चांगली गोष्ट आहे. पण भिंतीवर काय लिहिलंय? 'शांतता राखा'. स्पर्धा परीक्षेच्या पोरांना ते ठीक. बोलण्याच्या परीक्षेची तयारी शांततेत व्हायची कशी? आणि पारावर कोणी दोन वाक्ये इंग्रजीत बोलला, की आपणच म्हणतो, "आला बघा लाटसाहेब!" पोरगं पुन्हा तोंड उघडत नाही. यात दोष क्लासवाल्याचा नाही, आपला आहे.

सरपंच, भाऊसाहेब, तुम्हाला एवढेच सांगणे आहे की संध्याकाळी तासभर सभागृहाची किल्ली पोरांना द्या. खर्च काही नाही. दोघांनी समोरासमोर बसावे, एकाने विचारावे, दुसऱ्याने बोलावे. मोबाइलवर आवाज भरून नंतर आपलाच आपण ऐकावा. पहिले आठ दिवस कानावर हात ठेवावेसे वाटेल, तरी ऐकावा. गावात निवृत्त गुरुजी असले तर त्यांना मानाने बोलवा. क्लासच लावायचा तर पैसे मोजण्याआधी एकच विचारा, की माझी मुलगी रोज किती मिनिटे बोलणार?

त्या स्नेह्याच्या मुलीने पुन्हा परीक्षेला बसायचे ठरवले आहे. हल्ली धारा झाल्या की बाप हातात घड्याळ घेऊन तिच्यासमोर बसतो आणि दोन मिनिटे झाली की हात वर करतो. म्हणाला, "बोलते काय ते कळत नाही, भाऊ. पण अडते कुठं ते बरोबर कळतं."