नंदुरबार आणि प्रकाशा

नंदुरबार जिल्ह्यांत राहणाऱ्यास पाहुण्यांची वाण नसते. काशीयात्रा करून आलेल्यानें प्रकाशास येऊन गेल्यावांचून यात्रा पुरी होत नाहीं, अशी इकडे समजूत आहे. त्याच निमित्तानें गेल्या हिवाळ्यांत माझे धाकटे बंधु पुण्याहून सहकुटुंब आले. तापी व गोमाई यांच्या संगमावर स्नान झालें, केदारेश्वर-संगमेश्वरांचें दर्शन झालें, आणि मंडळी मोटारीकडे वळूं लागली. मास्तरकीची खोड जात नाहीं. मीं सर्वांस तेथील पांढरीच्या टेकाडाकडे नेलें.

या टेकाडाचें उत्खनन पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर यांनीं 1954-55 सालीं केलें. एकावर एक अशा चार कालखंडांच्या वस्त्या निघाल्या. सर्वांत खालची ताम्रपाषाणयुगांतील, म्हणजे सुमारें साडेतीन हजार वर्षांपूर्वींची. तींत गारेचीं बारीक पातीं, तशींच माळव्याच्या धर्तीचीं व नगरकडील जोर्व्याच्या धर्तीचीं रंगीत खापरें मिळालीं. नर्मदेपलीकडचा व गोदावरीकडचा असे दोन्ही प्रघात या कांठीं एकत्र आले होते, हें त्या खापरांनीं सांगितलें. लेख तर एकही नव्हता.

हें चाललें असतां बंधूंच्या पंधरा वर्षांच्या नातवानें एक खापर हळूच खिशांत घातलें. मीं तें परत ठेवावयास सांगितलें. सूनबाई म्हणाल्या, "काका, गंगेचें पाणी आपण घरीं आणतोंच ना? एवढासा तुकडा, शाळेंत दाखवील!" प्रश्न बिनतोड होता. मला क्षणभर उत्तर सुचलें नाहीं. मग म्हटलें, गंगाजळ कोठल्याही घाटावरचें गंगाजळच. खापर मात्र जागेवरून हाललें कीं मुकें होतें. तें कोणत्या थरांत, कशाशेजारीं होतें, यावरूनच त्याचें वय ठरतें. वर पडलेलें खापर थरांतून सुटलेलें, हें खरें; परंतु कोणत्या उतारावर कशीं खापरें दिसतात हें पाहूनच पुढें कोठें खणावें तें ठरवितात. येणाऱ्या प्रत्येकानें एकेक उचललें तर? मुलानें तें ठेवलें, पण नंदुरबारपर्यंत माझ्याशीं अक्षर बोलला नाहीं.

प्रकाशास लोक मुद्दाम जातात; नंदुरबार वाटेंत लागतें. शहराची सारी प्रकृति या वाटेनें घडविली आहे. सुमारें 1342 सालीं इब्न बतूता दौलताबादेहून खंबायतेकडे जातांना येथें उतरला होता. येथील मराठे कलाकुशल आहेत, त्यांत वैद्य व ज्योतिषी आहेत, ते भात, भाजी व तिळाचें तेल खातात, स्नान केल्यावांचून जेवत नाहींत, आणि सात पिढ्यांच्या आंत सोयरीक करीत नाहींत, असें त्यानें लिहून ठेवलें. सापिंड्याचा नियम एका मोरोक्कोच्या प्रवाशानें टिपावा याची मला मोठी मौज वाटते. पुढें सुरतेकडचा लोहमार्गही याच वाटेनें आला. आज येथें लाल मिरचीचा मोठा बाजार आहे. पथाऱ्यांवर मिरची वाळत असली म्हणजे नवख्यास ठसका लागतो. बाजारांत मराठी, गुजराती, अहिराणी व भिली एकाच दुकानीं ऐकूं येतात.

मिरची घेऊन झाल्यावर मुलास माणिक चौकांत नेलें. 9 सप्टेंबर 1942 रोजीं तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर येथें गोळीबार झाला. त्यांत शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्यामदास शहा हे पांच जण गेले. नांवांवरूनच पाहा, मराठी व गुजराती घरचीं मुलें एकत्र होतीं. शिरीषकुमारचा जन्म डिसेंबर 1926 चा.

मुलानें मनांत हिशेब केला असावा. रुसवा सोडून त्यानें विचारलें, "आजोबा, त्याच्या घरच्यांनीं त्याला जाऊं दिलें?"

सूनबाईंनीं मिरचीची पिशवी खालीं ठेवली. गाडीस अजून तास होता; आम्ही स्मारकापाशींच बसून राहिलों.